वाळूवरचं जहाज

खालांच्या घरात वस्तूंना डावं-उजवं नव्हतं. साखर कुठे आहे विचारलं, तर शेगडीपाशी उभ्या राहून सांगायच्या, "दोनशे सत्तरला बघ, बाय." म्हणजे पश्चिमेला, खिडकीखालच्या फळीवर. बोर्ली पंचतनला बँकेच्या नोकरीत होते तेव्हा मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचे. हळूहळू मलाही होकायंत्राचे अंश कळू लागले.

त्यांचे मरहूम शोहर जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. त्यांनीच खालांना हॅम रेडिओ, घरच्या बिनतारी संचावरून दूरवर बोलणं, शिकवला, परीक्षा देऊन परवाना घ्यायला लावला. मुलगा अश्फाक आखातात मालवाहू जहाजावर होता. त्याच्याकडेही तसाच संच होता. दुपार कलली की तो जहाजाचं ठिकाण, अक्षांश-रेखांश, मोबाईलवर पाठवायचा. खाला ते एका साध्या ॲपमध्ये टाकायच्या आणि ॲप इथून तिथली दिशा दाखवायचं. अँटेना अंगणातल्या लोखंडी पाइपावर होता; त्याच्याजवळ मोबाईलचं होकायंत्र भरकटतं, म्हणून त्या लांब सुपारीच्या झाडाशी उभ्या राहायच्या आणि मी पाइप धरून वरचा अँटेना फिरवायचे. "जरा उत्तरेला. बस." थोडं इकडेतिकडे झालं तरी आवाज येतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणायच्या, "पोराशी बोलायचं तर तोंड त्याच्याकडे नको काय?"

आखातात तणाव वाढल्याच्या बातम्या येत होत्या. एका दुपारी खालांनी झाडाशी उभं राहून ठिकाण पुन्हा पुन्हा टाकून पाहिलं. मी जवळ गेले. ॲपवरचा ठिपका वाळवंटात होता, किनाऱ्यापासून पार आत.

"जहाज वाळूवर कसं गं?"

आम्ही अँटेना तिकडेच वळवला. आवाज आला, बारीक. "अम्मी, आमची पण सगळी यंत्रं हेच दाखवतायत. कोणीतरी मुद्दाम सिग्नल बिघडवतंय. आजूबाजूला जहाजं लय हायत, त्यांचं पण असंच."

"मग तू नक्की कुठे हायेस?"

"माहीत न्हाय, अम्मी."

खालांनी एवढंच विचारलं, "जेवलास?" उत्तर खरखरीत बुडालं.

दुसऱ्या दिवशी अश्फाककडून काही आलं नाही. खालांनी मला पाइपाला हात लावू दिला नाही; अँटेना कालच्याच दिशेला राहिला. मग कंपनीचा फोन आला. अंधारात दोन जहाजं एकमेकांवर आदळली होती. बाकीचे वाचले; अश्फाक सापडला नाही.

खाला आता संच बंद करतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी केला नाही. हळूहळू दिघीच्या, दिवेआगरच्या बायका येऊ लागल्या. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ त्याच पाण्यात. मोबाईलवर आलेलं ठिकाण त्या खालांपुढे धरायच्या. खाला ते ॲपमध्ये टाकून नकाशा मोठा करायच्या. "पाणी हाय," म्हणायच्या, तेव्हा कुठे ती बाई खाली बसायची.

माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले, तर ओटीवर दिवेआगरची एक मुलगी उभी होती, नुकतंच लग्न झालेली. खालांनी नकाशा मोठा केला. बराच वेळ पाहिला, आणखी मोठा केला. मग चष्मा काढून तिला म्हणाल्या, "आधी बस, बाय."