खडकाचं पान

शेजारचे आजोबा रोज सकाळी व्हरांड्यातल्या बॅरोमीटरवर बोटाने टकटक करायचे, वहीत हवामान लिहायचे आणि मगच माझ्याकडे वळून “किया ओरा, मिसेस” असा तिकडचा माओरी नमस्कार करायचे. चहाचा कप पुढे केला तरी तेच. “आधी नोंद, मग चहा.”

मी साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं टायपिस्ट होते. २०१४च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या पोरिरुआला मुलाकडे राहायला गेले. तो आणि सून ऑफिसला, नात शाळेत, आणि मी भिंतींशी बोलत बसलेली. आजोबांनी मला काम दिलं, देव त्यांचं भलं करो. त्यांचे पणजोबा अमेरिकेच्या आरमारात अधिकारी होते. त्यांचं चरित्र आजोबांनी हाताने लिहून ठेवलं होतं. आता नजर जात चालली होती, आणि ती पुरती जायच्या आत पुस्तक व्हायला हवं होतं.

रोज चार पानं टाइप करायची आणि वाचून दाखवायची. तेराव्या वर्षी जहाजावर चढलेला पोरगा, शिडं जाऊन वाफ आली, लढाया, बढत्या. मग खडकाचं पान आलं. धुक्यात कुणाचं न ऐकता पणजोबांनी जहाज दामटलं, ते खडकावर आदळलं, दोन खलाशी बुडाले. जहाजाच्या नोंदवहीत त्यांनी स्वतःच लिहिलं, “चूक माझी.” पुढे कित्येक वर्षं बढती नाही.

तुम्हीच सांगा, घरच्या मोठ्या माणसाचं असं कुणी छापतं का? कोर्टात मी कधी काना-मात्रेचा फरक केला नव्हता. इथे मात्र मायेपोटी ते पान गुपचूप गाळलं.

वाचून झाल्यावर आजोबा म्हणाले, “खडक कुठे गेला?”

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाले, लढाया काय, सगळेच लढले; पणजोबांनी केलेलं मोठं काम म्हणजे ती दोन शब्दांची नोंद. सगळं नव्याने टाइप करते म्हटलं तर नको म्हणाले. नोंदवहीत खाडाखोड करत नाहीत, चूक दिसू द्यायची आणि शेजारी सही करायची. मग गाळलेला मजकूर मी वेगळ्या कागदावर टाइप करून तिथे चिकटवला, आणि खाली “चूक माझी” लिहून मराठीत सही केली.

टाइप केलेल्या पानांचंच पुस्तक बांधून आलं तेव्हा त्यांना अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी तो चिकटवलेला कागद बोटांनी चाचपला आणि चहा मागितला.

मी साताऱ्याला परतल्यावर ते गेल्याचं मुलाने फोनवर कळवलं. पुढच्या खेपेला त्यांच्या लेकीने ती प्रत माझ्या हातात ठेवली. बाकीची पानं नवी करकरीत होती. माझ्या सहीच्या कागदाच्या कडा तेवढ्या बोटं फिरून फिरून मऊ पडल्या होत्या.