गेनोवेफाबाईंची आठ फुलं

गेनोवेफाबाई वारल्या, ही बातमी शुक्रवारी सकाळी क्राकोच्या मोठ्या चौकभर झाली. पसरवणारा मीच, लपवू कशाला? चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या फुलांवरची हिरवी छत्री उघडली नव्हती, आणि माझं तोंड काही मिटत नाही. मनोऱ्यावर दहाची तुतारी वाजेपर्यंत शेजारच्या हालिनाबाईंनी त्यांच्या जागेवर मेणबत्ती लावलीसुद्धा.

अकराला कळलं, बाई ठणठणीत आहेत. मोतीबिंदू काढून घ्यायला दवाखान्यात पडल्यात.

आता खरं सांगतो. बाईंना दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. माझी पावाच्या कड्यांची गाडी त्यांना खेटूनच उभी असते. बाई देठ बोटांनी चाचपून मोजायच्या. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती तीन, पाच, सात, नऊ अशी. जोडीच्या आकड्यातली फुलं फक्त थडग्यावर. फूलवाली तिथे चुकली की तिची छत्री मिटलीच म्हणायची.

आणि गुरुवारी बाई चुकल्या. मागणी घालायला निघालेल्या एका लाजऱ्या पोराला त्यांनी आठ गुलाब बांधून दिले. मुलीच्या आईने दारातच मोजले. तासाभरात पोरगा परत.

"आजी, मागणी घालायला निघालो होतो मी, मातीला नाही!"

बाईंनी मुकाट्याने त्याला नवे नऊ गुलाब दिले. ते मी मोजले. मग मला म्हणाल्या, "झेनेक, मोजता येत नसेल तिने इथे बसू नये." भर दुपारी त्यांनी छत्री मिटली. शुक्रवारी ती उघडलीच नाही, तेव्हा मला वाटलं, धक्क्यानेच गेल्या. सुनेने ठरवलेली ऑपरेशनची तारीख दोनदा मोडणाऱ्या बाई या वेळी आपणहून दवाखान्यात जातील, हे कुणाला ठाऊक?

तीन आठवड्यांनी बाई आल्या, काळा चष्मा लावून. हालिनाबाई कुजबुजल्या, "बसतील हो, पण मोजतील का?"

मी त्यांच्या स्टुलावर गुच्छ ठेवला होता. कार्नेशनची आठ फुलं, मध्ये दाट हिरवा पाला. खोडी म्हणा, परीक्षा म्हणा.

"मेल्या, लाज आहे का काही?" हालिनाबाईंनी मला चिमटा काढला.

गेनोवेफाबाईंनी गुच्छाला बोटही लावलं नाही. चष्मा वर केला, मान तिरकी करून नुसत्या बघत राहिल्या. आम्ही दोघं श्वास धरून. मग त्यांनी एक फूल उपसलं, माझ्या गाडीवरच्या खसखशीच्या कडीत खोचलं, छत्री उघडली आणि म्हणाल्या,

"मेलेल्या बाईला आठ, हे तुझं बरोबर आहे, झेनेक. पण मी आज जिवंत आहे. हे एक तू परत घे."