आईच्या कुडीतला हिरवा खडा

कुवेतला जायला नाशिकहून निघताना आईने कुंकवाचा जुना करंडा माझ्या हातात दिला. आत तिच्या दोन कुड्या होत्या. एकीत हिरवा खडा होता, दुसरीतला पडून हरवलेला, नुसते कोंदण उरलेले.

"खडा मिळाला तर मी मांडवात येईन. नाहीतर तुम्ही लग्न उरकून घ्या," ती म्हणाली.

माझ्या मुलीचे लग्न महिन्यावर आले होते आणि तिची आजी दुसरे काहीही कानात घालायला तयार नव्हती. नव्वद सालच्या युद्धाआधी वडील कुवेतला फिटर होते, तेव्हा त्यांनी त्या कुड्या आणल्या होत्या. आता वडील नाहीत. आईच्या हट्टापुढे कुणाचे काही चालत नाही, आणि माझ्या अंगातही तेच रक्त. खडा घेतल्याशिवाय परतायचे नाही असे मी विमानातच ठरवून टाकले.

खिडकीतून खाली सगळे मातकट दिसत होते आणि दूरवर जळत्या गॅसच्या ज्वाळा. धाकटा भाऊ संजय तिथे तेलाच्या कंपनीत इंजिनीयर आहे. त्याचे घर फिंतासला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. दाराबाहेर पाऊल टाकले की चष्म्यावर वाफ धरायची. माझी मोहीम ऐकून त्याची लेक सोफ्यावरूनच म्हणाली, "आत्या, इट्स जस्ट अ स्टोन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोन्याच्या सूकमध्ये (बाजारात) गेले. दुकानांत पिवळ्याधमक सोन्याचे हार अंगरख्यासारखे टांगलेले. हिरवा खडा मागितला की "मॅडम, एमरल्ड!" म्हणत काहीतरी पुढे यायचे. आईचा खडा पाचू नसून पेरिडॉट नावाचा आहे, असे सांगून आमच्या नाशिकच्या सराफाने मला एक खूण शिकवली होती. भिंगातून पेरिडॉटच्या आत पाहिले की तळाच्या कडा दुहेरी दिसतात, काचेच्या एकेरीच राहतात. तीन दुकानांत मी भिंग काढले आणि तिन्ही ठिकाणी कडा एकेरी निघाल्या.

एक वाजला आणि सगळ्या दुकानांची शटर धडाधड खाली आली. दुपारभर बाजार बंद असतो हे मला कुणी सांगितलेच नव्हते. एका टपरीच्या सावलीत मसुराची आमटी आणि खुबूस (भट्टीत भाजलेली रोटी) खात मी चार वाजेपर्यंत बसले. संजय न्यायला आला तो वैतागूनच.

"ताई, दोन नवे खडे घे आणि मोकळी हो. आईला कळणारसुद्धा नाही."

"तिला कळेल," मी म्हणाले. "तू गाडीत बस हवं तर."

मुबारकिया बाजाराच्या मागच्या एका बोळात पांढऱ्या दिश्दाशातला (पायघोळ झग्यातला) एक म्हातारा दुकानदार सापडला. लहानपणी बापाबरोबर मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्याने आधी इस्तिकानात (चहाच्या छोट्या पेल्यात) काळा चहा दिला. मग खडा असलेली कुडी डोळ्याशी नेली आणि चक्क हुंगली.

"इमली?"

"हो! सकाळीच चिंचेने घासून आणलीय," मी अभिमानाने सांगितले. दागिने चिंचेच्या पाण्यात भिजत घालून लख्ख करणे हे आमच्या घरचे दिवाळीचे ठरलेले काम.

तो हळहळला. "सोना खुश, बहनजी. लेकिन जबरजद खट्टा नहीं सहता."

जबरजद म्हणजे पेरिडॉट. त्याने भिंग माझ्या हातात दिले. खड्याचा माथा धुरकटला होता, कडा बोथट झाल्या होत्या. आईने वर्षानुवर्षे चिंचेने मायेने चोळचोळून तो झिजवला होता. मला फार वाईट वाटले.

मग त्याने कागदाची पुडी उलगडली. एकेक खडा दाराशी नेऊन मी जुन्याशेजारी ठेवत होते. कुणी पिवळट, कुणी गडद, कुणी मापाने मोठा. संजयने दोनदा घड्याळ दाखवले, मी मान वर केली नाही. अजान व्हायच्या जरा आधी एक खडा जुळला. रंग तोच, माप तेच, कडाही दुहेरी. पण त्याच्याशेजारी जुना अगदी पेंगुळलेला वाटत होता.

"पुराना पॉलिश करूँ? टूट भी सकता है."

"नको. वडिलांचा आहे."

"तो नया थोड़ा घिस दूँ?"

"तेही नको. जैसा है वैसा बिठाओ."

भावात घासाघीस मात्र भरपूर केली. नाशिकची लाज राखायला हवीच.

नाशिकला घरी आल्यावर आईने दोन्ही कुड्या घातल्या आणि बराच वेळ आरशात पाहत राहिली. "हा नवा फार चमकतो गं."

मग मला चिंचेची गोष्ट सांगावीच लागली. यापुढे साध्या पाण्यानेच पुसायच्या, असेही बजावले. तिचा हात कानावर गेला आणि तिथेच राहिला.

"म्हणजे ह्यांनी आणलेला खडा मीच झिजवला," ती हळूच म्हणाली. मला वाटले, आता रडेल. पण ती आमची आई. "मग नवाही झिजवू. कधीतरी जुळतील."

"अगं आई, त्याला वीस वर्षं लागतील!"

"लागू देत. मला कुठे जायची घाई आहे?"

लग्नात ती पहिल्या रांगेत बसली, पदर मुद्दाम कानामागे सारून. त्या दिवाळीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर मला चिंचेच्या पाण्याची वाटी दिसली. डोकावले तर आत एकच कुडी होती, नव्या खड्याची. जुनी तिने कोरड्या कापडात गुंडाळून करंड्यात ठेवली होती.