गुरुवारची घोडी

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरठी स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला उभा होतो. झोपेतच गेल्या म्हणे. पहिला विचार मनात आला तो असा, की आता ती गोष्ट कोणाला कळणार नाही. महिना होत आला; त्या विचाराची लाज अजून जात नाही.

वहिनी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ दिघोरीत वरातीची घोडी ठेवायचा. तो गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसाला घोडी काय करायची, विकून टाका. वहिनींनी धानाची शेती सांभाळून घोडीही ठेवली. काशी तिचं नाव. वहिनींची मुलगी मीना जन्मापासून अपंग. मान धरत नसे, बोलणं शब्दाशब्दाला अडे. नागपूरच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घोड्यावरचे उपचार सुचवले आणि काशीला पाहून त्या स्वतःच दर गुरुवारी यायला लागल्या. पाठीवर वाकळ टाकायची, मुलाला बसवायचं, दोघींनी दोन बाजूंनी धरायचं आणि काशीने अंगणात हळूहळू फिरायचं. "घोडी चालते तं लेकराची कंबर चालते, भाऊजी," वहिनी मला समजावत. वर्षभरात मीना मान धरून बसायला लागली. मग आजूबाजूच्या गावांतल्या आया आपापली मुलं कडेवर घेऊन येऊ लागल्या.

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. हे उपचार सरकारी आरोग्य विम्यात बसले पाहिजेत, असं त्यांनी मनात घेतलं. "माह्या अंगनात किती लेकरं मावतीन? ज्याच्या गावात काशी नाही त्यानं काय करावं?" मी तहसीलमधून निवृत्त झालेला कारकून. अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरत नाही, असा माझा तोरा. त्यांचे सगळे अर्ज मीच लिहिले. त्या बोलायच्या, मी त्याची सरकारी भाषा करायचो. चार वर्षं हेलपाटे घातल्यावर शेवटी उपचार प्रत्यक्ष बघायला विमा योजनेचं पथक येणार, असं पत्र आलं. वहिनींनी ते पत्र मीनाला दोनदा वाचून दाखवलं.

पथक गुरुवारी येणार होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या मुलाची वरात होती...

वहिनींचा एक नियम होता. बुधवारी काशी वरातीला द्यायची नाही, मोठ्यातला मोठा माणूस आला तरी नाही. मी मात्र घरचाच. "वहिनी, माहा पोरगा का दुसऱ्याच्या घोडीवर बसन? लोक काय म्हनतीन?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सायेब लोकं येऊन राहिले. जनावराले आराम पायजे." त्यावर मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण लिहिल्याशिवाय सुटका नाही. मी म्हणालो, "तुमचे अर्ज कोन लिवते, वहिनी?"

त्यांनी दावं माझ्या हातात दिलं.

वरातीत डीजेची गाडी काशीला अगदी खेटून होती. पोरांनी तिच्या पायांजवळ फटाक्यांची माळ लावली. काशी उधळली नाही, पण अंगभर थरथरत उभी राहिली, आणि मी मात्र फेटा सावरत पाहुण्यांकडे बघून हसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर मीनाला वर बसवलं, कोणाच्या तरी जीपचं दार आपटलं आणि काशी एकदम बाजूला सरकली. वहिनींनी मीनाला वरच्यावर झेललं. साहेबांनी लिहून घेतलं, जनावर बिथरणारं आहे, मुलांसाठी सुरक्षित नाही. काल काय झालं ते मी तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. मी हाताच्या हळदीकडे बघत राहिलो. वहिनीही काही बोलल्या नाहीत. घरच्या माणसाची अब्रू त्यांनी सांभाळली. पुढच्या महिन्यात प्रस्ताव नामंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यानंतरही त्या मला अर्ज लिहायला बोलवत राहिल्या, आणि मी तब्येतीची कारणं सांगत राहिलो.

तेरवीला लोक बोलायला उभे राहिले. मीही बोललो. वहिनी किती झटल्या ते सांगितलं. एका आईने विचारलं, "मंग नामंजूर काहून झालं जी?" मी म्हणालो, "नियमात बसत नव्हतं." खाली बसताना मीनाकडे नजर गेली. ती माझ्याकडेच बघत होती. तिला काय कळतं, असं धरून आम्ही तिच्यासमोर आयुष्यभर वाट्टेल ते बोलत आलो होतो...

लोक पांगल्यावर मी तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो. मान ताठ धरून, एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, "काका... खोटं... काहून बोलले?"

पुढच्या गुरुवारी सकाळी मी कागद-पेन घेऊन गेलो. अंगणात मॅडम आल्या होत्या, आया मुलांना घेऊन बसल्या होत्या. मीनाला म्हटलं, "साहेबांना परत अर्ज करू. तू सांग, मी लिवतो." मला वाटलं, ती आईबद्दल काही सांगेल. तिने काशीकडे बघितलं. पहिलं वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, आणि या खेपेला मी त्याची सरकारी भाषा केली नाही. तिने सांगितलं तसंच उतरवलं.

"घोडीची... काही... चूक नव्हती."

त्याखालची ओळ माझी मला लिहायची होती.