अजून न बिघडलेल्या लॅपटॉपची चौकशी

जगातल्या कुठल्याही दुकानात नवी वस्तू मिळते, यावर माझ्या मावशीचा कधीच विश्वास बसला नाही. तिच्या मते दुकानात मिळतात त्या फक्त अजून न बिघडलेल्या वस्तू. ती माझ्या आईची मामेबहीण. अमिरातीतल्या खोर फक्कानच्या एका इस्पितळात तिनं वीस वर्षं सिस्टर म्हणून काढली होती, आणि सकाळी हसतंखेळतं असलेलं माणूस दुपारी स्ट्रेचरवर येताना इतक्यांदा पाहिलं होतं, की वस्तूच्या चकाकीला ती भुलणं शक्यच नव्हतं. मिक्सर घेताना तिनं सेल्समनला भांड्याखालचं रबर काढून परत बसवायला लावलं. त्याला ते जमेना. मावशीनं ते स्वतः बसवलं, त्याला दोन धीराचे शब्द सांगितले आणि मिक्सर न घेता बाहेर पडली. सूटकेस घ्यायची तर ती आधी तिच्यावर बसून बघायची. काका रुवैसच्या रिफायनरीतून सुट्टीवर आलेले असले तर त्यांना बसवायची, कारण त्यांचं वजन जास्त. काका बिचारे मुकाट्यानं बसत. "मीसुद्धा हिच्याकडे अजून प्रोबेशनवरच आहे," असं ते एकदा माझ्या कानात म्हणाले होते.

अशा मावशीच्या मुलीला, सायलीला, पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यायची वेळ आली. साल दोन हजार तीन. मी तेव्हा बंदरावरच्या ऑफिसात कंटेनरच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचो, म्हणजे नातेवाइकांत मी तज्ज्ञ. एका शुक्रवारी संध्याकाळी डोंगर ओलांडून आम्ही तिघं दुबईच्या कॉम्प्युटर बाजारात पोचलो. सायलीनं पहिल्याच दुकानात एक पातळ, चंदेरी लॅपटॉप पसंत केला. सेल्समननं अठ्ठावीसशे दिरहम सांगितले. "म्हणजे पस्तीस हजार रुपये!" मावशी एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारच्या गिऱ्हाइकानंही हातातला प्रिंटर खाली ठेवला. मग तपासणी सुरू झाली. पायाची सूज बघतात तसा तिनं कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबला, कीबोर्ड खचला. झाकण वीस वेळा उघडलं आणि मिटलं. एका कोपऱ्याला धरून लॅपटॉप उचलला आणि कुठं कुरकुरतोय का ते कान लावून ऐकलं. शेवटी त्याला पालथा घालून सेल्समनला विचारलं, "इसके पेट में हाथ डालने का दरवाजा किधर है?"

"आई, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग!" सायली पुटपुटली.

"मॅडम, टेन्शन नहीं, एक साल का वॉरंटी है. खलास!" सेल्समन म्हणाला.

"वॉरंटी कागज है," मावशी म्हणाली. "आदमी किधर है?"

आदमी, म्हणजे दुरुस्ती करणारा, त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. मावशी तिथं राउंडवर आल्यासारखी शिरली. फळीवरच्या एकेका लॅपटॉपजवळ थांबून कधी आला, काय झालं, घरी कधी जाणार, एवढंच विचारत गेली. त्या फळीवर चंदेरी लॅपटॉपची चार भावंडं होती, चौघांचीही बिजागरी तुटलेली. त्यातलं एक तर दीड महिन्यापासून सुट्या भागाची वाट बघत पडलं होतं. "पार्ट आएगा, इन्शाल्ला," तो म्हणाला. मावशीनं मान हलवली. इन्शाल्ला तिनं वॉर्डात पुष्कळ ऐकलं होतं.

त्याच माणसानं मग एक काळा, जाडजूड लॅपटॉप सुचवला. दिसायला अवजड, पण तळाची झाकणं दोन स्क्रूत उघडत आणि बॅटरी हातानं निघे. "इट लुक्स लाइक अ टिफिन बॉक्स," सायली रडवेली होऊन म्हणाली. तरी मावशीनं तो लगेच घेतला नाहीच. पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरचा नंबर घेतला आणि आठवडाभर फोनकार्डं खरवडून वेगवेगळ्या वेळी फोन लावून पाहिला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा मी शेजारी बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

"बाई, काय बिघडलंय तुमच्या लॅपटॉपचं?"

"काही नाही. अजून घेतलाच नाही."

"मग?"

"बिघडेल ना कधीतरी. मुलगी तिथं एकटी असणार. तेव्हा तुम्ही असाल का?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "असेन की. जाणार कुठं?"

पुढच्या शुक्रवारी टिफिन बॉक्स घरी आला.

दुसऱ्या वर्षी ऐन सबमिशनच्या आठवड्यात त्याचं चार्जिंगचं सॉकेट निखळलं. पुण्याच्या त्या माणसानं ते एका दिवसात बसवून दिलं. सायलीनं हे घरी कळवलं तेसुद्धा महिन्याभरानं, मेलमध्ये, तेही जाता जाता. मी "बघ, तुझी निवड!" म्हणालो. मावशी नुसतीच हसली.

मेल वाचायला ती दर शुक्रवारी माझ्याकडे यायची. सायलीचं लिहिणं इंग्रजीत, दीड ओळीचं: ऑल गुड, बिझी, लव्ह यू. मी ते मोठ्यानं वाचायचो, आणि उत्तर लिहायला कीबोर्डवर हात ठेवून बसायचो. मावशी काही सांगायचीच नाही. ज्या बाईनं सेल्समनांना, दुरुस्तीवाल्यांना, डॉक्टरांनासुद्धा प्रश्न विचारून घाम फोडला होता, ती स्क्रीनकडे बघत गप्प बसायची.

"लिही ना काहीतरी," एकदा ती म्हणाली. "सगळं बरं आहे म्हणते रे ती. बरं असलेल्या माणसाला काय विचारायचं असतं, ते आम्हाला नर्सिंगमध्ये कधी शिकवलंच नाही."