रशीदभाईंची बोटं

रशीदभाईंचा गाडीवर विश्वास असे, गाडीवाल्याच्या निदानावर नसे. जामखेडच्या बाहेर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. उंच केलेली जीप घेऊन कोणी आला आणि "खड्ड्यात आदळली की स्टीअरिंग थडथडतं, चाकं बॅलन्स करून द्या" म्हणाला, की ते त्यालाच सीटवर बसवत. "चाकं जमिनीवरच ऱ्हाऊ द्या. स्टीअरिंग जरा डावं, जरा उजवं. मी सांगल्याबिगर थांबायचं न्हाई." मग स्वतः पाठीवर सरकत गाडीखाली जात.

खाली काय चालतं ते मी एकदा वाकून पाहिलं. एकेका सांध्यावर बोटं टेकवून हा माणूस डोळे मिटून पडला होता! मी गुरांचा डॉक्टर. गाभण गाय तपासताना माझेही डोळे असेच मिटतात, त्यामुळे आमचं लगेच जमलं. गाडी उंच केली की सांध्यांचे कोन बदलतात, अॅक्सल जागेवर धरणाऱ्या आडव्या रॉडवर जास्त जोर येतो आणि त्याच्या टोकाच्या रबरी बुशात केसाएवढी ढिलाई आली तरी अख्खी जीप थरथरते, हे मला त्यांनीच शिकवलं. इतर मेकॅनिक अशा वेळी स्टीअरिंगला थरथर दाबणारा नवा शॉकअप बसवून मोकळे होत. रशीदभाई त्यावर भडकायचे. "दुखनं हाय तिथंच ऱ्हातं, नुसतं वरडायचं बंद हुतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझी जीप अशीच तपासली. "समदं टाईट हाय, डाक्टर. जावा बिनधास्त." तपासलेल्या बोल्टवर ते पिवळ्या रंगाचा ठिपका देत, तसा दिला. आठवड्याभरात नगर रस्त्यावर एका खड्ड्यानंतर स्टीअरिंग हातातून सुटू लागलं. गाडी बाभळीपाशी कशीबशी थांबली. शेजारी बायको बसली होती. नगरच्या मेकॅनिकने बुश बदलण्याआधी तोच रॉड हलवून दाखवला. ढिलाई नुसत्या डोळ्यांना दिसत होती, आणि बोल्टवर पिवळा ठिपका होता.

तेव्हा मला आठवलं, त्या दिवशी चहाचा कढत ग्लास मला धरवत नव्हता आणि रशीदभाई तो मुठीत धरून निवांत बोलत होते. त्यांना शुगर होती. बोटं बधिर झाली होती. मला कळायला हवं होतं, आणि कळल्यावर सांगायला हवं होतं. पण अशा माणसाला तुमची बोटं गेली म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? रस्त्यात भेटले तेव्हा मी म्हणालो, "गाडी झकास आहे."

दोन महिन्यांनी ऑइल बदलायला गेलो. खाली गेलेले रशीदभाई लगेच बाहेर आले. "बुश कुनी बदललं?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बोटं सुन्न पडल्यात ते मला ठावं हुतं. वाटायचं, अजून भागतंय. पर डाक्टर, तुमाला कळलं तवाच बोलायचं. त्यानंतर मी कितीक जीपा पास केल्या!"

तिथेच बसून ते एकेका गिऱ्हाइकाला फोन लावू लागले. "माझ्या हाताचं आता खरं धरू नका. गाडी आना, कैलास बघंल." कैलास म्हणजे त्यांचा जोडीदार मेकॅनिक. श्रीगोंद्याच्या एका शेतकऱ्याचा फोन त्याच्या बायकोने उचलला. जीप पंधरा दिवसांपूर्वीच कालव्याच्या चारीत गेली होती. त्याच्या पायाचा चुराडा झाला होता. ती गाडी रशीदभाईंकडे आली होती माझ्या अपघातानंतर महिन्याभराने.

आम्ही दोघे त्याला भेटायला गेलो. रशीदभाईंनी खाटेवरच्या त्या माणसापुढे हात जोडले. "चूक माझी हाय. एकट्याची." मी शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? ते म्हणाले, "ते तुमी सांगायचं. मी कसं सांगू?"

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. गेल्या वर्षी ते गेले. कब्रस्तानात तो शेतकरी कुबडी घेऊन आला होता; माझं मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. माती देऊन झाल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "लई खरा मानूस हुता, डाक्टर."

"हो," म्हणालो, आणि त्याला गाडीपर्यंत सोडून आलो.