रोल कॉलमधलं सुटलेलं नाव

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी अँटेना बघायच्या निमित्ताने गच्चीवर सटकतो. शाळेत विज्ञान शिकवतो, शिवाय हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना बाळगून आहे... आवाज कुठून येतो, कसा येतो हे पोरांना फळ्यावर काढून दाखवणारा माणूस मी! त्यामुळे हे लिहिताना कान गरम झालेत. अर्थात, ते केवळ विज्ञानामुळे नाही.

जळगावात आमच्या घरून रोज सकाळी मी नेट चालवतो. म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर खानदेशातली आम्ही सात-आठ जुनी खोडं जमतो. मी एकेकाचं नाव घेतो, तो हजेरी देतो, मग हवापाणी, कापूस, गुडघे. या नादाला मला लावलं ते दोंडाईच्याच्या नानांनी, माझ्या थोरल्या मावसभावाने. चोपन्नाव्या वर्षीही मला ‘दिल्या’ म्हणणारा जगात तो एकच माणूस.

नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मी रोल कॉलमधून त्यांचं नाव गाळलं. बोलता येत नाही, उगाच कशाला दुखवायचं... असा माझा मोठेपणा! पुढे जावयाने त्यांना रेडिओला लॅपटॉप जोडून दिला. टाइप केलं की त्याची किरकिर होऊन हवेत जाते आणि पलीकडेही लॅपटॉप जोडलेला असला तर तिची पुन्हा अक्षरं होतात. नानांनी मला मोबाइलवर लिहिलं, ‘तू पण लाव. गप्पा मारू.’

मी ऐटीत उत्तर दिलं, ‘नाना, मी माणसांशी बोलतो, मशीनशी नाही.’

त्यानंतर रोज रोल कॉल संपला की एक किरकिर येऊ लागली. नेटवर लॅपटॉपवालं कोणीच नाही, त्यामुळे ती काय म्हणते कोणाला कळेना. एके शनिवारी मी माईकवरून म्हणालो, “आला बघा डिजिटल बेडूक! याला कोणी डबक्यात सोडा रे!” सगळे खो-खो हसले. ती किरकिर नानांची असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगू? येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. रोल कॉल संपला, किरकिर आली नाही. तेवढ्यात स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला –

“दिल्या... मी आठेच शे.”

आमच्या अहिराणीत, मी इथेच आहे! तोच खर्जातला, जरा नाकातला आवाज. मी माईक दाबून ओरडलो, “नाना! आवाज आला तुमचा!”

भडगावचे आबा लगेच म्हणाले, “दिलीपभाऊ, कोणाला उत्तर देताय? इकडे सगळं शांत आहे. सकाळी सकाळी काय घेतलंत?”

बाकीच्यांनीही काही ऐकलं नव्हतं. मी ओशाळून सेट बंद केला. मागे सुनंदा, माझी बायको, चहाचा कप घेऊन उभी. “‘दिल्या’ म्हणाले ना आत्ता नाना? घसा मोकळा झाला वाटतं,” ती म्हणाली, “मला कोणी सांगितलंही नाही!”

चहा तसाच राहिला. आम्ही दोघं मिळेल त्या गाडीने दोंडाईच्याला गेलो.

दार वहिनींनी उघडलं. आत नाना, गळ्याभोवती रुमाल, हातात पाटी. रेडिओच्या टेबलावर काहीच नव्हतं. खाली दोरीने बांधलेलं खोकं.

“कालच भरला सेट,” वहिनी म्हणाल्या. “कोणाला तरी देऊन टाकणार म्हणे. रोज सकाळी टाइप करायचे, मी आठेच शे. तुम्ही नाव घेत नाही ना भाऊ, म्हणून सगळ्यांची हजेरी संपल्यावर. काल ते बेडकाचं ऐकून हसले आधी. मग दोरी मागितली.”

“आणि आज सकाळी?”

“आज तो छोटा रिसीव्हर घेऊन बसले होते, नुसता ऐकायचा. त्यात बोलायची सोय कुठे? नुसते ओठ हलवले.”

मी कसंबसं सगळं सांगितलं. नाना सुनंदाकडे बघत राहिले, तिने मान डोलावली. मग त्यांनी पाटीवर लिहिलं – ‘कसा व्हता आवाज?’

“तस्साच नाना,” मी म्हणालो. मी खाली बसून दोरीची गाठ सोडवायला घेतली. नानांची गाठ – सुटता सुटेना. शेवटी त्यांनीच मला बाजूला सारून ती सोडली.

आता माझ्याही रेडिओला लॅपटॉप आहे. पहिल्या दिवशी वायर उलटी लावून मी स्वतःच बेडकासारखा बसलो होतो, ते जाऊ द्या. पहिलं नाव नानांचं घेतलं. किरकिर आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली – ‘बेडूक हजर.’ मी ते नेटवर मोठ्याने वाचून दाखवलं. या वेळी कोणी हसलं नाही. मग आबाच हसले, तेव्हा कुठे सगळे सुटले.

तो आवाज पुन्हा आला नाही. भास म्हणावा तर दोघांना एकच कसा? कुठल्या दुसऱ्या स्टेशनचा म्हणावा तर ‘दिल्या’ कोण म्हणेल? फळ्यावर काढून दाखवता येईल असं काही मला अजून सापडलेलं नाही. रोज नानांचं नाव घेतो, आणि ती किरकिर पूर्ण थांबेपर्यंत माईकला हात लावत नाही.